वांग्याची मर, मेथीच्या गाठी आणि मातीतले महाकाय विषाणू

गडचांदूरच्या एका वाचक भावाने मागच्या पावसाळ्यात आम्हाला एक फोटो पाठवला होता. परसातला वांग्याचा वाफा. पानं हिरवीगार, पण झाडानं मान टाकलेली. खाली लिहिलं होतं, “भाई, पाणी आहे, खत आहे, अळी नाही. सकाळी झाड बरं होतं, दुपारी कोमेजलं, तिसऱ्या दिवशी गेलं. दुकानदार म्हणतो, व्हायरस आहे. यावर औषध काय?”

आम्ही जाणकारांना विचारलं, थोडं वाचलं. पहिली गोष्ट अशी कळली की फोटोतली लक्षणं व्हायरसची वाटत नाहीत, जिवाणूची वाटतात. दुसरी गोष्ट ऐकून आम्हीच चकित झालो. झाडाला मारणाऱ्या या जिवाणूला मारणारा एक व्हायरस मातीतच असतो, आणि तो साधासुधा नाही, महाकाय आहे. कोरोनानंतर आपल्या घराघरांत व्हायरस हा शब्द भीतीचाच झाला. म्हणून या मातीतल्या विषाणूंबद्दल जरा सविस्तर लिहावं असं ठरवलं. आपल्याकडे कापूस, सोयाबीन, तूर, भाजीपाला करणारी कितीतरी घरं आहेत. त्यांच्या पोटापाण्याशी या गोष्टीचा थेट संबंध आहे.

आधी जिवाणू आणि विषाणू यांतला फरक

बोलताना आपण सगळ्यांनाच ‘जंतू’ म्हणतो. पण जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया ही एक पूर्ण, जिवंत पेशी असते. ती खाते, वाढते, स्वतःची दोन होते. विषाणू म्हणजे व्हायरस. त्याला स्वतःचं घर नाही, चूल नाही. प्रथिनांच्या डबीत गुंडाळलेली हुकूमनामा लिहिलेली एक चिठ्ठी, एवढाच तो असतो. दुसऱ्याच्या पेशीत शिरायचं, तिथलीच यंत्रणा वापरून आपल्या नकला काढायच्या आणि बाहेर पडायचं, हेच त्याचं काम.

माणसाला धरणारे विषाणू आपल्याला माहीत झाले. पण जिवाणूंनाही विषाणू धरतात. त्यांना ‘बॅक्टेरिओफेज’ किंवा नुसतं ‘फेज’ म्हणतात, म्हणजे जिवाणूभक्षक. १९१५ साली इंग्लंडमध्ये ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ साली पॅरिसमध्ये देरेल यांनी त्यांची नोंद केली. फेज जिवाणूच्या अंगावर उतरतो, शेपटीतून आपली चिठ्ठी आत सोडतो आणि काही वेळानं जिवाणू फोडून नवे फेज बाहेर येतात. फेज माणसाच्या, गुरांच्या किंवा झाडाच्या पेशींना धरत नाही. त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं, आणि ते म्हणजे जिवाणू.

महाकाय म्हणजे किती मोठा?

विषाणूचा मोठेपणा दोन प्रकारे मोजतात. एक म्हणजे डबीचा आकार, दुसरं म्हणजे आतल्या चिठ्ठीची लांबी. ही चिठ्ठी डीएनए किंवा आरएनएच्या ‘अक्षरांत’ लिहिलेली असते. कोरोनाच्या विषाणूची चिठ्ठी साधारण ३० हजार अक्षरांची. नेहमी सापडणाऱ्या फेजची ५० हजारांच्या आसपास. ज्या फेजची चिठ्ठी २ लाख अक्षरांहून लांब असते त्याला शास्त्रज्ञ ‘जंबो फेज’ म्हणतात. आपण महाकाय फेज म्हणू.

तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेवा. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम नावाचा एक अगदी लहान जिवाणू आहे. त्याची चिठ्ठी सुमारे ५ लाख ८० हजार अक्षरांची. महाकाय फेजांतले काही या आकड्याच्या जवळ जातात. म्हणजे विषाणू आणि सजीव पेशी यांच्यामध्ये आपण जी जाडजूड भिंत समजत होतो, ती तेवढी जाड नाही.

एवढी लांब चिठ्ठी कशाला लागते? सिमेंटच्या गावात राहणाऱ्यांना हे ठेकेदाराच्या उदाहरणाने चटकन कळेल. छोटा ठेकेदार नुसता नकाशा घेऊन येतो. मजूर, मिक्सर, फावडी सगळं तिथलंच वापरतो. मोठा ठेकेदार स्वतःचा मुकादम, स्वतःचे मजूर, स्वतःची यंत्रं घेऊन येतो आणि जागेला पत्र्याचं कुंपणही घालतो. लहान फेज आणि महाकाय फेज यांच्यात हाच फरक आहे.

पाच महाकायांची तुलना

मातीशी नातं असलेल्या जिवाणूंना धरणारे पाच फेज आम्ही निवडले. पाचही खरे, अभ्यासलेले. नावं कोरडी आहेत, पण प्रत्येकाचा धंदा वेगळा आहे.

पहिला, फेज जी. १९६०च्या दशकाच्या शेवटी इटलीत सापडला. बॅसिलस मेगॅटेरियम या मातीतल्या जिवाणूला धरतो. चिठ्ठी जवळजवळ ५ लाख अक्षरांची, जीन ६०० हून अधिक. डोकं सुमारे १६० नॅनोमीटर, शेपूट साडेचारशेच्या आसपास. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. प्रयोगशाळेत वाढवलेल्या फेजांमध्ये याच्यापेक्षा मोठा कित्येक वर्षं कोणी पाहिला नव्हता.

दुसरा, एटीयू-पीएच०७. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या एका ओढ्याच्या पाण्यातून मिळाला, २०१८ साली त्याचा अभ्यास छापून आला. चिठ्ठी ४ लाख ९० हजार अक्षरांची. हा ॲग्रोबॅक्टेरियम ट्यूमिफेशियन्स या जिवाणूला धरतो. हा जिवाणू गुलाब, द्राक्ष, फळझाडं यांच्या मुळांवर आणि खोडावर गाठी आणतो. पण आपल्या कापसाशीही त्याची ओळख आहे. झाडाच्या पेशीत आपला जीन सरकवण्याची कला या जिवाणूला उपजत येते. २००२ साली भारतात मंजूर झालेल्या पहिल्या बीटी कापसात जीन घालण्यासाठी शास्त्रज्ञांनी हाच जिवाणू हमाल म्हणून वापरला होता.

तिसरा, २०१-फाय-२-१. चिठ्ठी ३ लाख १६ हजार अक्षरांच्या आसपास. हा स्यूडोमोनास क्लोरोरॅफिस या जिवाणूला धरतो. हा जिवाणू मुळांभोवती राहतो आणि काही रोगट बुरशींना रोखतो. म्हणजे आपल्या बाजूचा. युरोपात धान्याच्या बियाण्याला तो चोळून वापरला गेला आहे.

चौथा, एक्सएसीएन-१. जपानमधल्या संत्र्याच्या बागेतल्या मातीतून मिळाला. चिठ्ठी ३ लाख ८४ हजार अक्षरांची. लिंबूवर्गीय झाडांवर कँकर आणणाऱ्या जिवाणूला धरतो. विदर्भातल्या कागदी लिंबाच्या बागायतदारांना हा रोग ‘खैऱ्या’ या नावाने माहीत आहे. प्रथिनं घडवताना एकेक भाग आणून देणाऱ्या रेणूंना टीआरएनए म्हणतात. या फेजकडे स्वतःचे ५६ टीआरएनए जीन आहेत. ठेकेदाराने मजूर सोबत आणणं म्हणजे हेच. शिवाय साधा फेज बहुतेक वेळा एखाद-दोन वाणांपुरताच मर्यादित असतो. हा मात्र त्या जिवाणूच्या बऱ्याच वाणांना धरतो.

पाचवा, आरएसएल-१. चिठ्ठी २ लाख ३१ हजार अक्षरांची. पाचांमध्ये सर्वात लहान, पण गडचांदूरच्या भावाच्या कामाचा हाच. हा राल्स्टोनिया सोलॅनेसिअरम या जिवाणूला धरतो. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा, आलं यांच्यावर जी जिवाणूजन्य मर येते, ती हाच जिवाणू आणतो. मातीतून मुळात शिरतो, खोडातल्या पाण्याच्या नळ्या भरून टाकतो. म्हणून पान हिरवं असतानाच झाड तहानेनं मान टाकतं.

ससा आणि कासव

जपानमधल्या हिरोशिमा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली एक प्रयोग छापला. त्यांनी मर आणणाऱ्या जिवाणूवर तीन फेज तपासले. दोन लहान, चिठ्ठी ४० हजारांच्या आसपास. तिसरा महाकाय आरएसएल-१.

लहान फेजांनी जिवाणूंची संख्या झपाट्याने खाली आणली. पण साधारण ३० तासांत जिवाणू पुन्हा उसळले. आता जे वाढले ते त्या फेजला दाद न देणारे होते. ज्यांच्यावर फेजचा असर होत नव्हता तेच थोडे वाचले आणि त्यांचीच प्रजा झाली. अँटिबायोटिक अर्धवट घेतल्यावर जे होतं, त्याच जातीचा हा प्रकार.

आरएसएल-१ ने तसं केलं नाही. त्याने जिवाणूंचा पूर्ण सफाया केला नाही, पण डोकंही वर काढू दिलं नाही. दोघं एकत्र राहिले आणि जिवाणूंची संख्या बराच काळ दबलेली राहिली. मग टोमॅटोच्या रोपांवर पाहिलं. ज्यांना फेज दिला नव्हता ती सगळी रोपं १८ दिवसांत कोमेजली. ज्यांना आरएसएल-१ दिला होता त्यांतलं एकही कोमेजलं नाही. चार महिन्यांनंतरही मुळांवर आणि मातीत जिवंत फेज सापडला. आपल्या चंद्रपूरच्या उन्हाळ्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हा फेज मातीत ३७ ते ५० अंश उष्णतेलाही टिकत होता.

ससा-कासवाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. इथे ती मातीत घडते. ज्याने घाई केली त्याने शत्रूला शहाणं केलं. ज्याने सबुरीने धरलं त्याने पीक वाचवलं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा प्रयोग शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली, मोजून दिलेल्या फेजने, ठराविक जिवाणूवर झाला. उद्या कोणी ‘महाकाय विषाणूचं औषध’ म्हणून बाटली विकायला आला, तर ती कोणत्या जिवाणूवर, कोणत्या पिकात तपासली आहे, हे आधी विचारा. फेज म्हणजे किल्ली. कुलूप वेगळं असेल तर किल्ली कितीही मोठी असली तरी फिरत नाही.

पत्र्याचं कुंपण

जिवाणू काही गरीब बिचारे नसतात. आत शिरलेल्या विषाणूची चिठ्ठी कापून टाकायला त्यांच्याकडे कात्र्या असतात. त्यातली ‘क्रिस्पर’ नावाची कात्री आता माणसाच्या औषधोपचारातही आली आहे. मग महाकाय फेज वाचतात कसे?

याचं एक उत्तर २०१७ साली कॅलिफोर्नियाच्या शास्त्रज्ञांना मिळालं, आणि ते वर सांगितलेल्या तिसऱ्या फेजमध्ये. हा फेज जिवाणूत शिरल्यावर आपल्या चिठ्ठीभोवती प्रथिनांचं कवच उभारतो. पुढे ते कवच पेशीच्या बरोबर मध्यभागी आणून ठेवतो. नकला कवचाच्या आत निघतात, प्रथिनं कवचाबाहेर बनतात. आपल्या पेशींत जसं केंद्रक असतं तसंच हे. विषाणूने केंद्रक बांधावं, हे त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. २०२० साली अशाच कवचवाल्या फेजांवर दोन ठिकाणी काम झालं आणि दिसलं की डीएनए कापणारी क्रिस्परची कात्री या कवचाच्या आत पोचत नाही. २०२२ साली कवचाच्या प्रथिनाला ‘चिमॅलिन’ नाव दिलं गेलं. मेक्सिकोच्या जुन्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या भाषेत ढालीला चिमाली म्हणतात, त्यावरून.

पण ढालही सगळ्या बाजूंनी पुरत नाही. निरोप घेऊन आरएनए कवचाबाहेर येतोच. काही जिवाणूंकडे आरएनए कापणारी दुसरी कात्री असते, ती तिथे दबा धरून बसते. म्हणजे मातीत रोज लढाई चालू असते आणि दोन्ही बाजू एकमेकांकडून शिकत असतात.

मग इतकी वर्षं दिसले का नाहीत?

याचं कारण चाळणी. घरात गहू चाळताना चाळणीच्या भोकापेक्षा मोठं जे आहे ते वर राहतं आणि आपण ते खडा म्हणून फेकतो. शास्त्रज्ञ विषाणू शोधताना अगदी तेच करत होते. मातीचं पाणी एका बारीक गाळणीतून गाळायचं. जे वर राहिलं ते जिवाणू आणि कचरा, जे खाली आलं त्यात विषाणू. मोठ्या अंगाचे फेज वर अडकले आणि कचऱ्याबरोबर गेले.

दुसरी अडचण बशीतली. फेज आहे की नाही हे पाहायला जिवाणूंना अगारच्या जेलीत वाढवतात. फेजने जिवाणू फोडले की जेलीत स्वच्छ ठिपका दिसतो. पण घट्ट जेलीत महाकाय फेज सरकूच शकत नाही. ठिपका दिसत नाही, म्हणून फेज नाही असं धरलं जायचं. टेक्सासचे फिलिप सर्वर यांनी जेली अगदी पातळ केली, तेव्हा असे ‘हरवलेले’ फेज हाती लागू लागले. ते मातीत पहिल्यापासून होतेच.

आपल्या मुंबईची गोष्ट

महाकाय विषाणू म्हटलं की महाराष्ट्राचं नाव घ्यावंच लागतं. पण इथे गल्लत करू नका. मुंबईचे महाकाय जिवाणूंना धरत नाहीत. ते अमीबाला धरतात. अमीबा माती-पाण्यात राहतो आणि जिवाणू खातो. म्हणजे साखळी तीच, कडी वेगळी.

या घराण्याची ओळख चुकीनेच झाली. १९९२ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला कूलिंग टॉवरच्या पाण्यात एक कण मिळाला. आकार पाहून सगळ्यांनी त्याला जिवाणू ठरवलं. २००३ साली कळलं की तो विषाणू आहे. जिवाणूची नक्कल करतो म्हणून त्याला ‘मिमीव्हायरस’ म्हणाले. पुढे पवईच्या आयआयटी मुंबईत किरण कोंडाबागिल यांच्या प्रयोगशाळेने मुंबईचं पाणी तपासायला घेतलं. २०१६ साली शहरातल्या सांडपाण्यातून ‘मिमीव्हायरस बॉम्बे’ मिळाल्याचं जाहीर झालं. चिठ्ठी जवळपास ११ लाख ८२ हजार अक्षरांची. पवई तलावातून ‘पवई लेक मेगाव्हायरस’ मिळाला, तो १२ लाखांच्या पुढचा. कुर्ल्याच्या नावाने कुर्लाव्हायरस आणि वांद्र्याच्या नावाने बांद्रा मेगाव्हायरसही आले.

आपल्या नात्यातले कितीतरी लोक कुर्ल्याला राहतात. घाबरून त्यांना फोन करायची गरज नाही. नाव कुर्ल्याचं असलं तरी या विषाणूचं गिऱ्हाईक अमीबा आहे.

कबीर, जब्बार आणि महा

२०२० साली कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातल्या जिल बॅनफिल्ड, बासिम अल-शायेब आणि त्यांच्या जगभरच्या सहकाऱ्यांनी तलाव, नद्या, माती, जनावरांची आतडी अशा कितीतरी ठिकाणच्या नमुन्यांतला डीएनए वाचला. त्यातून ३५१ महाकाय फेज हाती लागले. सर्वात मोठ्याची चिठ्ठी ७ लाख ३५ हजार अक्षरांची. वर सांगितलेला तो लहानसा जिवाणूसुद्धा याच्यापुढे मागे पडला.

या फेजांची घराणी पाडली तेव्हा नावांचा प्रश्न आला. सगळेच मोठे. मग शास्त्रज्ञांनी ‘मोठा’ या अर्थाचे शब्द आपापल्या भाषांतून घेतले. एका घराण्याचं नाव महाफेज, संस्कृतमधल्या ‘महा’वरून. अरबीतून तीन आले, कबीरफेज, दख्मफेज आणि जब्बारफेज. आपल्या वाचकांना या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. मोरोक्कोत बकरी ईदला ‘ईद अल-कबीर’, म्हणजे मोठी ईद म्हणतात, तोच हा कबीर. इथे हे शब्द साध्या भाषेतली विशेषणं म्हणूनच आलेत, हे लक्षात ठेवावं. त्याच्या आदल्या वर्षी माणसांच्या आतड्यांतल्या जिवाणूंना धरणारे असेच फेज छापून आले होते. ते बांगलादेशातल्या लक्षाम गावच्या नमुन्यांत सापडले म्हणून त्यांना ‘लॅक’ फेज म्हणतात.

मोठा म्हणजे आपला असं नाही

आता मेथीकडे येऊ. मेथी आणि लसूणघासाच्या मुळांवर ज्या गाठी येतात, त्या करणाऱ्या जिवाणूचं नाव सायनोरायझोबियम. हवेतलं नत्र पकडून तो झाडाला देतो. सोयाबीन आणि तुरीच्या गाठींमध्ये याचेच भाऊबंद असतात. पेरणीआधी आपण रायझोबियमचं पाकीट आणतो ते त्यांच्यासाठीच. या मेथीच्या जिवाणूलाही धरणारा एक महाकाय फेज आहे, फाय-एन३ नावाचा. चिठ्ठी २ लाखांच्या थोडी वर.

म्हणजे हिशेब असा. आरएसएल-१ वांग्याच्या शत्रूला धरतो, तो आपल्या फायद्याचा. फाय-एन३ मेथीच्या मित्राला धरतो, २०१-फाय-२-१ मुळांच्या राखणदाराला धरतो, ते आपल्या तोट्याचे. तिघंही महाकाय, तिघंही हुशार. फेज किती मोठा यावरून तो किती सामान घेऊन आला आहे एवढंच कळतं. नफा की तोटा हे तो कोणाला धरतो यावर ठरतं. म्हणून ‘व्हायरस आहे’ एवढं ऐकून घाबरू नये, आणि ‘जिवाणू मारतो’ एवढं ऐकून खूशही होऊ नये.

गडचांदूरच्या भावाला आमचं उत्तर

भाई, आधी ओळख पटवा. कोमेजलेल्या झाडाचं खोड जमिनीजवळ कापा. तो तुकडा काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात, कापलेली बाजू बुडेल असा धरून ठेवा, हलवू नका. काही मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधासारखे पांढरट धागे खाली उतरू लागले, तर ती जिवाणूजन्य मर आहे. धागे आले नाहीत तर बुरशीची मर किंवा दुसरं काही असू शकतं. मग नमुना घेऊन कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकाकडे जा.

जिवाणूची मर असेल तर मेलेलं झाड मुळासकट उपटून वाफ्याबाहेर काढा, बांधावर टाकू नका. त्या वाफ्याचं पाणी चांगल्या वाफ्यात जाऊ देऊ नका. खुरपं धुऊन मगच दुसरीकडे लावा. पुढच्या हंगामात तिथे वांगी, टोमॅटो, मिरची घेऊ नका. मका किंवा ज्वारी घ्या. आणि माणसांच्या औषधातली अँटिबायोटिक्स झाडांवर ओतू नका. जिवाणू शहाणा होतो, आणि शहाणा जिवाणू उद्या घरातल्या लेकरालाही भारी पडू शकतो.

सोयाबीन-तुरीला रायझोबियम लावताना बुरशीनाशक आधी, जिवाणू खत नंतर. २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. फुलोऱ्याच्या सुमारास एक झाड अलगद खणून काढा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर मित्र कामावर आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर काहीतरी बिनसलंय, चौकशी करा.

आणि दुकानदाराला आमचा सलाम सांगा. म्हणावं, व्हायरस झाडात नव्हता, जिवाणू होता. मातीतला मोठा व्हायरस तर उलट त्या जिवाणूच्याच मागावर असतो.